चार मिनिटांत मेहनत

आयुष्यात काही करून दाखवायचंय ना? मग थोरामोठ्यांची चरित्रं ठेवा माळ्यावर आणि खेळावरचे सिनेमे बघा. बेळगावच्या पावसात दुसरं करण्यासारखं असतं तरी काय?

मेहनतीला लागणारा वेळ आधी समजून घ्या. साधारण चार मिनिटं. गाणं सुरू झालं की पोरगं पळायला लागतं, पहिल्या कडव्याला धापा टाकतं, दुसऱ्याला जोर मारतं आणि गाणं संपेपर्यंत दंड टरारून फुगलेले. इकडे तालमीत पोरं सहा-सहा वर्षं लाल माती अंगाला फासून बैठका मारतायत. बिचाऱ्यांना संगीतकार मिळाला नाही, दुसरं काय!

मग हवा अपमान. त्याशिवाय नायकाचं रक्त तापत नाही. याबाबतीत आपण सीमाभागातले लोक नशीबवान. बंगळूरला निवड चाचणीला जा, विचारतात, ‘नीवु महाराष्ट्रदवरा?’ कोल्हापुरात मैदानात उतरा, ‘तुझा कानडी हेल काय जात न्हाई बघ.’ दोन-दोन राज्यांकडून अपमान, तोही फुकट. एवढं असून आपल्याकडे मध्यंतरानंतर काहीच कसं घडत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

तयारी मात्र बेतानं करा. ‘दंगल’मध्ये फायनलच्या वेळी बापाला खोलीत कोंडतात आणि पोरगी अगदी शेवटच्या क्षणी डाव मारते. थेटरात शिट्ट्या. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटनं 55 किलो गटात सुवर्ण घेतलं हे खरं, पण तिथं कुणी कुणाला कोंडलं नव्हतं आणि कुस्तीही एकतर्फी झाली. जास्त सराव केला की असं होतं. माणूस सरळ जिंकतो आणि बघणाऱ्याची मजा जाते.

हाताशी एक भाषण असू द्या. आमचे साहेब मार्चअखेरीला ‘चक दे’तली सत्तर मिनिटं ऐकवतात. हॉकीचा सामना आता 60 मिनिटांवर आलाय, साहेबांची सत्तर काही कमी होत नाहीत. (हॉकीवरून आठवलं, 1964 ला टोकियोत सुवर्ण जिंकलेल्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. पण त्यांचा सिनेमा मी काही पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्याकडून काय शिकायचं ते कळत नाही.)

हे सगळं मी आधी स्वतःवर करून बघितलंय. पहाटे साडेचारला ‘रॉकी’सारखी कच्ची अंडी ग्लासात फोडली. त्यानं पाच प्यायली, मी दोन. आमच्यात पहिल्या दिवशी अतिरेक करत नाहीत. नाक दाबून गिळली आणि कानात गाणं लावून वॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळत सुटलो. दुसरं कडवं यायच्या आत अंडी वर आली. झाडाला धरून उभा राहिलो, तर फेऱ्या मारणारे एक म्हातारे वस्ताद थांबले.

“काय गा, काय झालं?”

“सराव करतोय.”

“कधीपासनं?”

“आजपासनं.”

त्यांनी माझ्या कानातली एक वायर काढून स्वतःच्या मोडक्या कानाला लावली, जरा ऐकलं.

“गाणं संपलं की गा,” म्हणाले, वायर माझ्या हातात दिली आणि धोतराचा सोगा खोचत पुढच्या फेरीला लागले.