‘दहा किलो होईपर्यंत थांबा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सांगली-मिरजेत सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. बाळाच्या हृदयाचे जन्मजात छिद्र आपोआप बुजते, दहा किलो वजन होईपर्यंत ऑपरेशन करू नये, बाळ निळे पडते ते थंडीने आणि ऑपरेशन झालेले मूल अधू राहते, असे त्यात म्हटले आहे.

यातले सर्वांत घातक विधान वजनाचे आहे. जतकडच्या एक ताई हा संदेश वाचून थांबल्या होत्या. त्यांचे चार महिन्यांचे बाळ दोन-तीन घोट घेऊन स्तन सोडायचे, धापा टाकायचे आणि त्या पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपायच्या. मोठ्या छिद्रातून फुप्फुसांकडे जादा रक्त जाते, बाळाची शक्ती श्वासातच खर्च होते, म्हणून वजन वाढत नाही. मग त्या वजनाची वाट किती पाहायची? ‘धमन्यांची अदलाबदल’ असलेल्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्या एकमेकींच्या जागी जोडलेल्या बाळाला तर तेवढीही सवड नसते. त्याचा डावा कप्पा फुप्फुसांना रक्त पुरवत असल्याने त्यावरचा भार जन्मानंतर उतरतो आणि त्याचा स्नायू दुबळा होत जातो; म्हणून १९७५ मध्ये ब्राझीलच्या डॉ. आदिब जातेने यांनी प्रथम यशस्वी केलेली धमन्या जागेवर आणणारी शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या काही आठवड्यांतच, तीन किलोच्या बाळावरही केली जाते.

छिद्र बुजते, हे लहान छिद्रांपुरते बऱ्याचदा खरे आहे. मोठे छिद्र तसेच राहिले, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होऊन त्यांतील दाब इतका वाढू शकतो की पुढे छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते.

थंडीने तळहात-तळपाय निळसर होतात. जीभ आणि ओठ निळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जन्मानंतर चोवीस तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावला, तर काही मिनिटांत, सुई न टोचता, बाळाला निळे पाडणारे हृदयाचे बरेच गंभीर दोष लक्षात येतात.

अधूपणाची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. धमन्यांची शस्त्रक्रिया झालेली बहुतेक मुले शाळेत जातात, खेळतात, पण त्यांना आयुष्यभर तपासणी लागते. आणि ज्यांच्या हृदयाचा एकच कप्पा नीट वाढलेला असतो, त्यांच्यावर सहसा टप्प्याटप्प्याने तीन शस्त्रक्रिया होतात व मर्यादाही राहतात. हे डॉक्टरांनीच आईवडिलांना समोर बसवून सांगायला हवे. खर्चासाठी थांबलेल्यांनी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवावे. हृदयाचे जन्मजात दोष त्या कार्यक्रमात समाविष्ट आहेत.