कुलवृत्तांताची पानं फाडू नका!

कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या इतिहासाचा ग्रंथ, ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातून घरी नेता येत नाही, म्हणून वंशावळीचं घडीचं पानच फाडून न्यायचं? ही कुठली रीत? आणि फाटलेल्याला चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि नेमकी नावांची ओळ तपकिरी होते. वर आजोबांचं नाव चुकलंय म्हणून निळ्या पेनाने खाडाखोड! अहो, दुरुस्ती वेगळ्या चिठ्ठीवर, पुराव्यासकट ग्रंथपालांकडे द्या. झेरॉक्सच्या काचेवर दाबलं की जुन्या पुस्तकाची शिवण सुटते. फ्लॅश बंद ठेवून मोबाइलने फोटो काढा, आधी शीर्षकपानाचा. १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअर (त्या भागाच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) स्कॅन होऊन नेटवर आहे. पण तुमच्या घराण्याचा ग्रंथ बहुतेक वेळा तिथे नसतो, म्हणून हीच प्रत जपा.