अतिथी संपादक व्हायचंय? या, बसा, पाणी घ्या

तुम्हाला अजून फोन आला नसेल तर येईल. "मॅडम, आमच्या संशोधन त्रैमासिकाचा एक विशेषांक तुमच्या हातून व्हावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. अतिथी संपादक म्हणून कव्हरवर नाव." सगळ्यांची म्हणजे नक्की कुणाची, हे विचारायचं नसतं. मीही विचारलं नाही. हो म्हणाले, फोन ठेवला आणि कुकर लावता लावता मनात अनुक्रमणिकासुद्धा मांडून टाकली.

तो अंक मागच्या महिन्यात आला. तेव्हापासून या विषयातलं माझं ज्ञान इतकं वाढलंय की ते एकटीने बाळगणं बरं नव्हे. म्हणून हे चार शब्द, होतकरू अतिथी संपादकांसाठी.

आधी विषय. विषय असा घ्यावा की त्यात काहीही मावेल. 'एकविसावं शतक: संधी आणि आव्हानं' याला तोड नाही. त्यात संत साहित्य बसतं, कांद्याचा भाव बसतो, क्रिप्टोसुद्धा बसते. मी काय केलं? 'ठाणे खाडी: पाणी, माणसं, भाषा' असा विषय घेतला. ऐरोलीला राहते, गच्चीतून खाडी दिसते, त्याचा हा परिणाम. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीचं नाव पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, हिवाळा आला की हातभर लांब लेन्सा घेऊन लोक येतात. उत्तम आहे. पण याच पाण्यात डोल जाळी लावणारे, खाजणात निवट्या मासे धरणारे, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७० नंतर ज्या ९५ गावांची जमीन घेतली त्या गावांतले लोक, त्यांचे शब्द, त्यांचे हिशोब, यांवर धड तपासलेले आठ-दहा लेख एका जागी यावेत असं मला वाटलं. वाटलं ते वाटलं. तुम्ही असलं काही वाटून घेऊ नका.

आवाहनाच्या पत्रकात शेवटची तारीख टाका. पत्रक भरल्यासारखं दिसतं.

तारखेवरून आठवलं. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, असं शाळेत सांगायचे. आता कळतं की हा शब्द संपादकाला नसून लेखांना लावलाय. मुदत, मुदतवाढ, अंतिम मुदतवाढ आणि मग "मॅडम, फक्त सोमवारपर्यंत". कुठला सोमवार, हे कधीच सांगत नाहीत.

लेख आले की वाचू नका. हा सगळ्यात मोलाचा सल्ला आहे. मी वाचले. एकात "खाडीच्या बँकेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा समाज" होता. मला आधी वाटलं सहकारी बँकेचा काही प्रकार असेल. पुढच्या पानावर हा समाज "वाळवलेले मुंबईचे बदक" विकत होता. दोनदा वाचलं, तेव्हा उजेड पडला: इंग्रजीतलं 'बॉम्बे डक', म्हणजे आपला बोंबील! कुणीतरी इंग्रजी मजकूर यंत्रात घालून मराठी काढलं होतं आणि निघालेलं न वाचताच पाठवलं होतं. त्याचाच इंग्रजी सारांश उलट दिशेने काढलेला, त्यात कोळी समाज 'स्पायडर कम्युनिटी ऑफ ठाणे' झालेला. आठ पायांचा समाज. खाली तीन लेखकांची नावं, पैकी दोघे विभागप्रमुख. मी लेख परत पाठवला. सोबत सविस्तर पत्र लिहिलं, अहो, समजावून लिहिलं. या बदकाकडे लक्ष ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

परीक्षक दोन हवेत. लेखकाला त्यांचं नाव कळू नये, त्यांना लेखकाचं. आपल्याकडे एका विषयातली माणसं एवढी थोडी की दुसऱ्या परिच्छेदातच "अरे, हा तर आपला अमुक" होतं, ते सोडा. परीक्षकाला लेख दुपारी २:१० ला पाठवावा. २:१४ ला उत्तर येतं: "छान. छापावा." उलट एका बाईंनी चार पानं शेरे लिहिले, संदर्भ तपासले, कोष्टकातली बेरीज चुकलीय ते दाखवलं. अशांना पुन्हा बोलावू नये, अंक रखडतो.

स्वतःचा लेख स्वतःच्याच अंकात घ्यावा का? रीतीप्रमाणे तो दुसऱ्या संपादकाकडे सोपवायचा असतो. तुम्ही सरळ पहिला लावा.

आता हे सगळे लेख एवढ्या आवेगाने का येतात ते सांगते. ज्यांना माहीत आहे ते हसतील, ज्यांना नाही त्यांनी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली काढून बघावी. भाषा आणि समाजशास्त्रांकडे एका लेखाला १० गुण, विज्ञानाला ८. प्राध्यापकपदाच्या भरतीला किमान १२० लागतात. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे एकट्याने लिहिलं तर १०, आणि नुसतं शेजारी नाव लावलं तर दोघांत मिळून १४! वाण्याच्या दुकानातसुद्धा अशी स्कीम नसते. दोनांपेक्षा जास्त असतील तर मुख्याला ७० टक्के, बाकीच्यांना ३०-३०. म्हणून गाईडचं नाव, गाईडच्या मित्राचं नाव, मित्राच्या बायकोचं नाव. स्टाफरूममध्ये हे हळदीकुंकवाच्या वाणासारखं चालतं: तू मला घाल, मी तुला घालते.

आणि कमीपणा वाटून घेऊ नका, मोठ्या घरीही हेच आहे. विली या प्रकाशनसंस्थेने २०२१ मध्ये हिंदावी ही कंपनी २९.८ कोटी डॉलर मोजून घेतली. तिच्या विशेषांकांतून बनावट परीक्षणं आणि कारखान्यात तयार केलेले लेख निघायला लागले, विशेषांक काही काळ थांबवावे लागले, एकट्या २०२३ मध्ये आठ हजारांहून जास्त लेख मागे घेतले आणि शेवटी हिंदावी हे नावच वापरायचं बंद केलं. तिथेही गंमत तीच होती, पाहुण्याच्या हाती किल्ल्या दिल्या आणि यजमान झोपला. आमचं बदक तिकडच्या मानाने फार गरीब.

यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीची तर चिंताच मिटलीय. पूर्वी "केअरमध्ये आहे का?" असं लोक विचारायचे. त्याआधी मे २०१८ मध्ये यूजीसीने ४३०५ नियतकालिकं एका फटक्यात यादीतून काढली होती, मग केअर यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर बंद केल्याचं जाहीर झालं. आता कुठलं नियतकालिक चांगलं ते कॉलेजांनी स्वतःच ठरवायचं. कॉलेजात कोण ठरवणार? ज्यांचे लेख छापून यायचे आहेत ते. "आयएसएसएन आहे ना, मग झालं." अहो, आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाच्या ओळखीचे नुसते आठ आकडे. रिक्षाला नंबर प्लेट आहे एवढ्यावरून ड्रायव्हरकडे लायसन आहे असं कुणी म्हणतं का?

आता प्रकाशन समारंभ. अंक लाल रिबिनीत बांधलेला असावा, शाल-श्रीफळ असावं, सात जणांनी तो छातीशी धरून फोटो काढावा. उघडू नये. मीही तिथे उघडला नाही, पिशवीत घातला आणि ठाणे स्टेशनवरून नेहमीची पनवेल लोकल धरली. बसायला जागा मिळाली, म्हणून अंक काढला. हातात घेताक्षणी जड लागला. नऊ लेखांचा अंक इतका जाड कसा?

नऊ नाहीच. बावन्न.

मी निवडलेले, परीक्षकांकडून दोन-दोनदा फिरवून आणलेले नऊ लेख, आणि त्यांच्या अवतीभवती 'जीएसटीचा लघुउद्योगांवरील परिणाम: एक अभ्यास', 'योग आणि मानसिक स्वास्थ्य', 'महाविद्यालयीन ग्रंथालयात बारकोडचा वापर', 'टी-ट्वेंटी क्रिकेट: एक चिकित्सा'. कव्हरवर 'ठाणे खाडी', त्याखाली माझं नाव. आणि पान ६१ वर, काना-मात्रेचाही फरक न करता, ते वाळवलेले मुंबईचे बदक.

दिघा गावही आलं नव्हतं, मी मुख्य संपादकांना फोन लावला. "सर, हे काय आहे?"

"मॅडम, अभिनंदन! अंक छान झालाय."

"यात जीएसटी कुठून आला?"

"जीएसटी ठाण्यात पण लागतोच की, मॅडम." आणि मग जरा हळू आवाजात, "छपाईचा खर्च निघायला नको का? पंधराशे पर पेपर घेतो आपण, हार्ड कॉपीचे तीनशे वेगळे. तुमच्या नऊ जणांकडून तुम्ही काही घेऊ दिलं नाही."

म्हणजे चूक माझीच होती. मी पाहुणी, पण घरात काय शिजतंय त्याचा खर्च मी विचारला नाही.

हेही एक वेळ मी गिळलं असतं. पण त्या नऊ लेखांत एक लेख एका मुलीचा होता. कोळीवाड्यातली मुलगी, घरात पीएचडीला बसलेली पहिली. तिने दोन वर्षं आपल्या आजीच्या मागे फिरून भरतीचा हिशोब उतरवून घेतला होता. आजीकडे घड्याळ नाही, ॲप नाही. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती. बोटांच्या पेरांवर चालतं हे सगळं. त्या मुलीने तीस तिथींचं कोष्टक केलं, सहा महिने खाडीवर जाऊन प्रत्यक्ष वेळा घेतल्या, फरक कुठे पडतो आणि का पडतो ते लिहिलं. तीन मसुदे झाले. त्या चार पानं शेरे लिहिणाऱ्या बाईंनी शेवटी लिहिलं होतं, हा लेख वाचायला मिळाला म्हणून आभार.

तो लेख पान ४१२ वर आहे. म्हणजे लेखाचं प्रेत आहे. आम्ही युनिकोडमध्ये दिलेला मजकूर छापखान्यात कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये ओतला. 'ळ'च्या जागी चौकोन. 'कोळीवाडा'चा 'को▯ीवाडा'. पाव, अर्धा, पाऊण यांची सगळी चिन्हं प्रश्नचिन्हं झाली. तीस ओळींचं कोष्टक, आणि एका स्तंभात वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं. वर शीर्षकाशेजारी तिच्या नावाआधी तिच्या गाईडचं नाव. पाठवलेल्या प्रतीत ते नव्हतं. कुणी घातलं? कुणाला माहीत नाही. सत्तर टक्के मात्र बरोबर जातील.

प्रूफ मागितलं होतं मी. लेखी. तीनदा. "पाठवतो मॅडम."

आता सल्ले पुरे.

या महाराष्ट्राला विशेषांक म्हणजे काय ते शिकवायला नको. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण लेख मागवतो, प्रुफं बघतो, एका वेलांटीवरून भांडतो. चकलीच्या वासात ऱ्हस्व-दीर्घ तपासणारे लोक आपण. आणि ज्या अंकावर 'संशोधन' असं छापायचं, तो एकदाही वाचायचा नाही? पैसे घ्यायचे असतील तर घ्या, कागद फुकट येत नाही हे मलाही कळतं. पण तसं आधी सांगा, आणि त्या त्रेचाळीस लेखांना खाडीच्या नावाखाली लपवू नका. आणि तुम्ही विभागप्रमुख, लाजा वाटू द्या. आयुष्यभर ठाण्यात राहून बोंबलाला बदक म्हणणारा लेख तुमच्या नावावर छापून आलाय आणि तुम्ही त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलंय, मी पाहिलंय ते. विद्यार्थिनीच्या लेखावर स्वतःचं नाव चढवणाऱ्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, कोळीवाड्यात विचारा, स्पष्ट सांगतील. आणि मी? कव्हरवर नाव येणार म्हणून मीही भुलले. कागदावर करार केला नाही, अंतिम फाइल बघितल्याशिवाय छापू नका असं ठणकावलं नाही. मलाही चार शिव्या घाला.

परवा ती मुलगी विभागात आली होती. आजीला दाखवायला एक प्रत हवी होती तिला. माझ्या प्रतीत तिने तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर बसून, पेन्सिलने तिसाच्या तीस वेळा भरल्या. वर गाईडच्या नावावर एक रेघ मारली, मग घाबरून रबराने खोडली.

शुद्धिपत्र छापा. एक पान लागेल, कोष्टकासकट. लेखिकेचं नाव एकच. फाइल मी पाठवलेली आहे, पुन्हा पाठवते. आणि त्या पानाचे पंधराशे मागायला फोन करू नका.