ज्यांची मुलं गेली त्यांनी गप्प का बसायचं?

अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारावरचा एक मेसेज आपल्या मराठी ग्रुप्सवर परत फिरतोय. त्यात म्हटलंय की बंदूक मारत नाही, माणूस मारतो. शिक्षकांना बंदुका द्या. ज्यांची मुलं गेली त्यांनी दुःखाचं राजकारण करू नये. आणि बाकीच्यांनी आपापलं मूल सांभाळावं. माझी मुलगी इथेच, अमेरिकेत शाळेत जाते, दिवे बंद करून कोपऱ्यात चिडीचूप बसायचं ड्रिल ती केजीपासून करतेय, त्यामुळे मला हे वाचून नुसतं पुढे जाता येत नाही.

माणूस मारतो म्हणता ना, मग १४ डिसेंबर २०१२ बघा. चीनच्या हेनान प्रांतात एकजण चाकू घेऊन शाळेत घुसला, वीसच्या वर मुलं जखमी झाली, पण सगळी वाचली. त्याच दिवशी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हुक शाळेत एकजण रायफल घेऊन शिरला आणि पाच-एक मिनिटांत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. सहा-सात वर्षांची मुलं होती हो ती.

शिक्षकांना बंदुका देण्याबद्दल एकच सांगते. टेक्सासमधल्या युवाल्डीला २०२२ मध्ये शाळेत गोळीबार झाला तेव्हा ३७६ पोलीस जमले होते, ट्रेनिंग झालेले, हत्यारबंद, तरी हल्लेखोरापर्यंत पोचायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, आईबाप बाहेर आत जा, आत जा म्हणून ओरडत होते. तिथे एकट्या बाईंनी पिस्तूल घेऊन काय करावं असं म्हणणं आहे?

राजकारणाचा मुद्दा वाचून मात्र मला खरंच संताप येतो. सँडी हुकच्या आईबापांना, तुमची मुलं मेलीच नाहीत, हे सगळं नाटक आहे, असं वर्षानुवर्षं ऐकावं लागलं, धमक्या आल्या, हे पसरवणाऱ्या ॲलेक्स जोन्सला कोर्टात खेचावं लागलं. ते गप्प बसले असते तर खोटंच उरलं असतं ना. आणि स्कॉटलंडमध्ये डनब्लेनला १९९६ मध्ये १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या तेव्हा तिथल्या आयांनी, शेजाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, सात लाखांच्या वर, मेलेल्या मुलांचे आईबापही बोलले, आणि १९९७ मध्ये ब्रिटनने खासगी हँडगन जवळजवळ बंदच केल्या. त्यानंतर तिथे शाळेत तसं हत्याकांड झालेलं नाही. याला राजकारण म्हणायचं असेल तर म्हणा, मला ते आईबापांचं कर्तव्य वाटतं.

आता आपापलं मूल सांभाळा. मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलला २०२१ मध्ये १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं, पिस्तूल बापाने चारच दिवस आधी घेऊन दिलेलं. त्याच सकाळी त्याने काढलेली बंदुकीची चित्रं बघून शाळेने आईबापांना बोलावलं होतं, तरी ते त्याला घरी घेऊन गेले नाहीत. २०२४ मध्ये दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्या चौघांच्या घरच्यांनी आपलं मूल सांभाळलं नव्हतं का? सँडी हुकची रायफलसुद्धा हल्लेखोराच्या आईचीच होती. आणि २०२० पासून अमेरिकेत एक वर्षावरच्या मुलांच्या आणि टीनएजर्सच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बंदूक आहे, त्यातले बहुतेक शाळेत मरत नाहीत, घरात नाहीतर रस्त्यावर मरतात, कितीतरी आत्महत्या आहेत.

म्हणून मुलगी कोणाकडे खेळायला जाणार असली की मी आधी फोन करून विचारते, घरात बंदूक आहे का, लॉक करून ठेवता का, गोळ्या वेगळ्या असतात ना. हल्ली आपल्या मराठी घरांतही विचारते. लोकांना राग येतो, येऊ दे.