खुलासा : सुरूचं बन ‘शिवकाळातलं’ नाही

समुद्रालगतच्या बागेतली सुरूची झाडं शिवकाळापासूनची आहेत, म्हणून तिथे उंडीचं झाड लावू नये, असा मेसेज फिरतो आहे. सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. आपल्या किनाऱ्यावर त्याची लागवड 19व्या शतकात सुरू झाली. या मातीतलं झाड म्हणाल तर उंडीच. तिचं कडू तेल दिव्याला, लाकूड होडीला.

सुरू तोडा, असं कोणी म्हणत नाही. वारा अडवतो, सावली देतो, संध्याकाळची म्हातारी मंडळी तिथेच टेकतात. पण त्याच्या गळलेल्या सुयांसारख्या पानांचा थर जाड साचला की खाली दुसरं रोप उगवत नाही. आणि 3 जून 2020च्या ‘निसर्ग’ वादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरू कसे मुळासकट आडवे झाले, ते सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून पडलेल्या सुरूच्या जागी उंडी. अख्खी बी रुजायला दोनेक महिने घेते. कवच अलगद फोडून काढलं तर तीन-चार आठवडे. हातोडी जोरात बसली तर आतला गर चिरडतो आणि बी कुजते. खड्डा दीड फुटाचा, तोही पावसाच्या तोंडावर. समुद्राकडच्या बाजूची मर्यादवेल ‘कचरा’ म्हणून उपटू नका, वाळू तीच धरून ठेवते.