पणजोबा शंभरी गाठायचे, मग त्यांची भावंडं कुठे गेली?

ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोबत महर्षी कर्व्यांचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: पूर्वीची माणसं भाकरी-ठेचा खाऊन शंभरी गाठायची, आता पन्नाशीतच हार्ट अटॅकने खलास, आयुर्मान पिढीगणिक घटतंय, लसी-औषधांनी आयुष्य वाढलं ही कंपन्यांची जाहिरात, शहर सोडून गावी गेलात तर दहा वर्षं जास्त जगाल. शेवटी ‘किमान अकरा ग्रुपवर पाठवा’.

‘घटतंय’पासून सुरुवात करू, कारण ते धडधडीत खोटं आहे. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार, म्हणजे एसआरएसनुसार, 1970-75 मध्ये महाराष्ट्रात जन्मणाऱ्या बाळाचं सरासरी आयुर्मान सुमारे 54 वर्षं होतं. 2014-18 मध्ये ते 72.5 झालं. देशाचा आकडा याच काळात 49.7 वरून 69.4 वर गेला. आणखी मागे जायचं तर 1941-51 च्या दशकात देशाचं आयुर्मान 32 च्या आसपास होतं, आणि 1911-21 मध्ये, मानमोडीच्या म्हणजे 1918 च्या फ्लूच्या साथीच्या दशकात, जेमतेम 20. हा आलेख सरळ चढत गेलाय असंही नाही. कोविडमध्ये तो खाली आला: 2016-20 चा एसआरएसचा आकडा 70.0, पुढच्या 2017-21 चा 69.8. पण मेसेज कोविडबद्दल बोलतच नाही, तो पिढ्यांबद्दल बोलतोय.

आता पणजोबा. कर्वे 104 वर्षं जगले, खरंय. त्यांच्याच पिढीतले आगरकर 38 व्या वर्षी गेले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना तर 32 वं वर्षही पूर्ण करता आलं नाही. आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि 1887 मध्ये क्षयाने गेल्या, वय 21. त्याआधी त्यांचं मूल जन्मानंतर दहाच दिवसांत गेलं होतं. या लोकांचे फोटो लावून ‘पूर्वीची माणसं बघा’ असं कोणी फॉरवर्ड करत नाही. ‘आमचे आजोबा पंच्याण्णवपर्यंत ठणठणीत होते’ हे ज्यांचे आजोबा होते तेच सांगणार. तिशीत पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेलेल्याची आठवण सांगायला बहुतेकदा मागे कोणी नसतं.

नौपाड्यातल्या नाहीतर बेलापूर गावातल्या ऐंशीच्या पुढच्या एखाद्या आजीशेजारी बसा आणि ‘किती भावंडं होतात तुम्ही?’ एवढंच विचारा. ‘झाली आठ, राहिली पाच’ अशा धर्तीचं उत्तर तिला ठेवणीतून काढावं लागत नाही. एक बाळ धनुर्वाताने, एक देवीने, एक ‘नुसता ताप आला नि गेलं’. आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायची चाल काय हौसेने पडली होती?

सरासरीचा घोळही इथेच होतो. दहा मुलं जन्मली, तीन तान्ही असतानाच गेली आणि उरलेली सात बरोबर साठ वर्षं जगली, तर सरासरी निघते 42. म्हणजे सरासरी 42 असतानाही गावात म्हातारे दिसणारच. महाराष्ट्रात 1971 मध्ये हजार जन्मांमागे शंभराहून जास्त बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा 16 वर आला.

यावर आमच्या ग्रुपवरच्या एका काकांनी लगेच पेच टाकला: ‘मग वाढ फक्त बाळांची, मोठ्यांचं काय वाढलं?’ प्रश्न चांगला आहे. 1970-75 मध्ये साठी गाठलेला भारतीय माणूस सरासरी आणखी सुमारे 14 वर्षं जगायचा. आता सुमारे 18. उडी बाळांइतकी मोठी नाही, पण आहे.

कंपन्यांच्या जाहिरातीचं म्हणाल, तर सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांच्या हातांकडे बघा. गोल, खोलगट, कडेने सुरकुतलेले वण दिसतील. ती देवीची लस, सरकारने घरोघर फिरून फुकट टोचलेली. 1975 नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. आणि हगवणीवर तर लसही लागली नाही. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून लोकांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चारच्या खाली आलं. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. मीठ, साखर आणि गावातल्या बायका. यात कुठल्या कंपनीचा गल्ला भरला?

गावी जा म्हणणाऱ्यांसाठी: 2014-18 मध्ये देशाच्या शहरी भागाचं आयुर्मान 72.6 होतं, ग्रामीण भागाचं 68. टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, कारखान्यांचा रात्रीचा वास मीही घेतलाय, त्याचं समर्थन करत नाही. पण अडलेली बाळंतीण वाशीत असेल तर रिक्षाने दवाखान्यात पोचते. जव्हार-मोखाड्यात, जे 2014 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या अजून दर पावसाळ्यात येतात. गावची हवा चांगली असते. रात्री दोनला त्या हवेने रक्तस्राव थांबत नाही.

राहिला हार्ट अटॅक. इथे मेसेजच्या हाताला थोडं खरं लागलंय. देशात 1990 मध्ये साधारण 38 टक्के मृत्यू हृदयविकार, मधुमेह, कर्करोग अशा असंसर्गजन्य आजारांनी होत. 2016 मध्ये 62 टक्के. यातला काही भाग असा, की जी माणसं पूर्वी पटकीने किंवा क्षयाने तरुणपणीच गेली असती, ती आता हृदय थकेपर्यंत जगतात. पण चाळिशीतच रक्तदाब आणि साखर वाढलेली माणसं आपल्या अवतीभवती आहेत, आणि ती चिंता खरी आहे. तिच्यावर मेसेजचा उतारा काय, तर मैदा, मोबाइल टॉवर आणि फ्रिजचं पाणी सोडा. अख्ख्या यादीत तंबाखूचं नाव नाही.