‘मी आलो’ म्हणणाऱ्या पोरींचं काही चुकत नाही

‘कोल्हापुरी म्हणजे बिघडलेली मराठी’ असा पाच मुद्द्यांचा मेसेज गावभर फिरून शेवटी भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर येऊन पडला. पोरगी कालपासून घरातसुद्धा ‘मी आलो... आले’ असं अडखळत बोलालीय. म्हणून हे लिहिणं.

सगळ्यात वाईट मुद्दा दुसरा: ‘तिथल्या बायका पुरुषासारखं बोलतात, त्यांना लिंगच कळत नाही.’ कागद घ्या आणि रूपं मांडा. कोल्हापूरची मुलगी ‘मी आलो’, ‘मी दमलो’, ‘मी जातो’ म्हणते. तीच मुलगी मैत्रिणीला ‘तू कवा आलीस?’ विचारते आणि आईबद्दल ‘ती बाजारला गेली’ सांगते. ‘ती गेला’ तिच्या तोंडून चुकूनही येत नाही. लिंग कळत नसतं तर तिन्ही पुरुषांत घोटाळा झाला असता. इथं भेद गळलाय तो फक्त प्रथमपुरुषात, म्हणजे ‘मी’पुरता. त्याला चूक नाही, नियम म्हणतात.

आता प्रमाण मराठीकडे या. ‘आम्ही जातो’ बायकाही म्हणतात, पुरुषही. ‘मी जाईन’ दोघांचं एकच. ‘मी भाकरी खाल्ली’मध्ये क्रियापद भाकरीच्या मागं जातं, खाणाऱ्याच्या नाही. म्हणजे ‘मी’ बाई की पुरुष हे न दाखवता बोलायची सोय पुण्याच्या मराठीतही आहेच. कोल्हापूरनं ती आणखी दोन घरं पुढं नेली, एवढंच.

‘कानडीनं वाट लावली’ हा पहिला मुद्दा. कानडीचा परिणाम आहे, हे कबूल करावंच लागेल. ‘नानु बरुत्तेने’ हे कानडीत बाई आणि पुरुष दोघांचंही, आणि ‘तो’, ‘ती’साठी मात्र ‘बरुत्ताने’, ‘बरुत्ताळे’ अशी वेगळी रूपं. पण कानडी ‘तू’लाही लिंग लावत नाही, ‘नीनु बरुत्तीया’ कुणालाही चालतं. कोल्हापुरीनं ‘आलास’, ‘आलीस’ वेगळंच ठेवलंय. आंधळी नक्कल असती तर हा फरक कधीच पुसला गेला असता.

शिवाय शेजारानं भाषा बिघडते हे गृहीतच कच्चं आहे. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली आपल्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यातल्या एका गावावर निबंध प्रसिद्ध केला. गावाचं नाव त्यांनी कुपवार असं लिहिलंय. तिथली मराठी, कानडी आणि उर्दू इतकी एका साच्यात आलेली की मराठीतल्या ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ या वाक्यातला एकेक तुकडा उचलून त्या जागी कानडीचा किंवा उर्दूचा ठेवला तरी क्रम हलत नाही. शब्द मात्र ज्याचे त्याचे. घरात आपापली भाषा टिकली आणि गावातल्या रोजच्या देवाणघेवाणीनं वाक्यरचना जवळ आली. जगभर भाषासंपर्क शिकवताना हा निबंध पुढं ठेवतात. अण्णा, अक्का, अप्पा, अडकित्ता हे शब्द ‘शुद्ध’ घरांतसुद्धा दक्षिणेकडूनच आलेत.

‘बोलीला व्याकरण नसतं’ म्हणे! ‘करायला लागलास’मधलं ‘यला लाग’ काढा, कोल्हापुरी ‘करालास’ (करतो आहेस) उरतं. ‘पडायला लागलाय’चं ‘पडालाय’, ‘जेवायला लागलोय’चं ‘जेवालोय’. क्रियापद बदला, नियम तोच. ‘करतो आहेस’चं ‘करतोयस’ करणाऱ्यांना यात अशुद्ध काय दिसतं?

‘मूळ मराठी पुण्याची’ हेही खोटं. पुणेरी बोली प्रमाण ठरली ती एकोणिसाव्या शतकात, मोल्सवर्थ या इंग्रजाचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१), दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण (१८३६) आणि शाळेची पुस्तकं यांच्या काळात. मराठीच्या जुन्या शिलालेखांतला एक तर कर्नाटकात श्रवणबेळगोळला आहे.

‘अभिजात दर्जा मिळाला, आता शुद्ध बोला’ यावर एवढंच, की केंद्र सरकारच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयात बोली सोडायची अट नाही. परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठी लिहावी लागते, हे खरं. ती शिकायचीच. त्यासाठी घरातली जीभ बदलायची गरज नाही.

बायका खरंच ‘मी आलो’ म्हणतात का, हे कुणाला तपासायचं असेल तर ‘तुम्ही मी आलो म्हणता का?’ असं विचारू नका, समोरची बाई लाजून नाही म्हणेल. ‘काल काय केलं?’ विचाराल तर ‘भाकरी केली, धुणं धुतलं’ असं उत्तर येईल आणि त्यात बोलणारीचं लिंग दिसणारच नाही. जोतिबाला सगळी मिळून गेल्याचं विचाराल तर ‘आम्ही गेलो’ येईल, तेही निरुपयोगी. एकटीनं केलेला प्रवास सांगायला लावा: उठणं, निघणं, पोचणं, दमणं, परत येणं. वय आणि तालुका नोंदवा, चंदगड आणि शिरोळ एका रकान्यात घालू नका. ऐकू येईल तसंच उतरवा, लिहिता लिहिता हात आपोआप ‘आलो’चं ‘आले’ करतो. आणि रेकॉर्डिंगला समोर मोबाइल ठेवला की माणूस सुरुवातीला पुस्तकी बोलतो, तेवढा भाग मोजणीत धरू नका.